चहाडखोर पट्टी

पोंक्ष्यांच्या स्वयंपाकघरातला तो चिमुकला दिवा पिवळा झाला, की मिनिटाच्या आत नाशिकहून फोन यायचा.

"आई, मान!"

"अगं, कुकर उतरवतेय नुसता."

"बाबांना सांग उतरवायला. आधी मान वर कर."

हेमांगीताई मान वर करायच्या. दिवा हिरवा व्हायचा आणि मैथिलीचा फोन बंद. दिवसातून सहा-सात वेळा हे असं. एकसष्ट वर्षांत हेमांगीताईंनी सासू पाहिली, तीन नणंदा पाहिल्या, पण इतकी बारीक नजर कुणाची सोसली नव्हती. दिव्याला त्या चहाडखोर म्हणायच्या. खरा चहाडखोर दिवा नव्हताच म्हणा. तो होता त्यांच्या मानेवर चिकटलेल्या, कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ पट्टीत.

झालं होतं असं, की आषाढी एकादशीला हेमांगीताईंनी लक्षवातींचा संकल्प सोडला. चातुर्मासात स्वतःच्या हातांनी एक लाख वाती वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला वाईच्या घाटावर कृष्णामाईपुढे तुपात भिजवून उजळायच्या. देवाकडे मागणं काहीच नव्हतं. लेक सुखात होती, नवऱ्याची पेन्शन वेळेवर येत होती. पण साठी उलटल्यावर त्यांच्या मनानं एक गोष्ट धरली. चाळीस वर्षं स्वयंपाक केला, तो त्या त्या दिवशी संपला. केर काढला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा साचला. आपल्या एकटीच्या हातचं, पुरं झालेलं, असं एक तरी काम देवापुढे ठेवता यावं, एवढीच आस.

रोज आठशे वाती. पाटासमोर मान खाली घालून बसायचं, बोटाला राख लावायची, कापसाचा पुंजका तळव्यावर ठेवायचा आणि वळायचा. शंभर झाल्या की लाल दोऱ्यानं जुडी बांधून पत्र्याच्या डब्यात. श्रावण संपता संपता उजव्या खांद्यातून कळ निघायला लागली. मग अंगठा आणि शेजारचं बोट बधिर. एक दिवस हातातून तुळशीचं तांब्याभर पाणी पडलं, तेव्हा मात्र त्या निमूटपणे नौशीन बागवानकडे गेल्या.

नौशीन ही बाजारपेठेतल्या बागवानांची मुलगी, फिजिओथेरपिस्ट. बोलायला फटकळ आणि हात मात्र लोण्यासारखा.

"काकू, मानेत सात मणके असतात," ती हाडांचा सांगाडा फिरवत म्हणाली. "दोन मणक्यांच्या मधे दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. तिच्यातून नस बाहेर पडते आणि खांद्यातून हातात उतरते. पाचव्या-सहाव्याच्या मधली तुमची उजवी खिडकी अरुंद झालीय. दारात बोट चिमटावं, तशी नस चिमटतेय. डोकं आपलं पाचेक किलोचं, पण मान खाली घातली की मानेला ते वीस-पंचवीस किलोंचं ओझं होतं. तुम्ही रोज किती वेळ घालता?"

"तीन तास. कधी चार."

"या अल्ला!" म्हणून नौशीननं ती पट्टी काढली.

पट्टीचं शास्त्र हेमांगीताईंना घरी येऊन त्यांच्या यजमानांनी समजावलं. विद्याधर पोंक्षे म्हणजे चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेले सर. देवळात गेले तरी चपला सांभाळत बाहेर उभे राहणारे.

"अगं, नसेतून हुकूम धावतो तेव्हा तिच्यात इवलासा विद्युतप्रवाह असतो. आणि प्रवाह आला की चुंबकत्व आलंच! फक्त ते पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण. पूर्वी ते टिपायला खोलीएवढं यंत्र लागायचं, तेही भयंकर थंड ठेवलेलं. आता काय करतात, प्रयोगशाळेत हिऱ्याची पूड बनवतात. हिऱ्यात कार्बनचे अणू कसे कवायतीला उभे असतात. त्यातला एक काढून घ्यायचा आणि शेजारी नायट्रोजनचा एक घुसवायचा. ती जी रिकामी जागा राहते ना, तिला हे चुंबकत्व जाणवतं. मग तिच्यावर प्रकाश टाकला की ती कमी-जास्त चमकून सांगते, निरोप निघाला कधी आणि पोचला कधी. उशीर व्हायला लागला की समजायचं, नस दबली!"

"म्हणजे माझ्या मानेवर हिरे आहेत?"

"आहेत."

"लग्नात एक चमकी घातली नव्हतीत तुम्ही," हेमांगीताई म्हणाल्या आणि भाजी चिरायला लागल्या.

नसेवर दाब नसला की दिवा हिरवा, आला की पिवळा, आणि फार झाला की लाल. दिवा स्वयंपाकघरात, त्याचा जोड लेकीच्या फोनमध्ये, आणि तपशिलाची नोंद दर आठवड्याला नौशीनकडे. पट्टी लावल्याच्या पहिल्याच संध्याकाळी हेमांगीताईंनी नेहमीसारखा भाताचा कुकर उतरवला, नेहमीसारखं फडताळातलं पिठाचं पातेलं काढलं, आणि दिवा लालभडक झाला. सर दारात पेपर घेऊन उभे होते. ते दिव्याकडे बघत राहिले.

"दुखतंय?"

"थोडंसं."

"हे थोडंसं नाही. लाल आहे हा." मग पेपराची घडी घालत, "असं रोज होतं?"

"रोजच. त्यात काय सांगायचं? पानं घेऊ का?"

त्या दिवशी सरांनी भात अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून कुकर उतरवायचं काम त्यांनी घेतलं. चिमट्यानं, दोन्ही हातांनी, बॉम्ब निकामी करावा तसं. पिठाचं पातेलं खालच्या कप्प्यात आलं. कपडे वाळत घालणं गेलं, कणीक मळायला यंत्र आलं. हेमांगीताईंना नको नको झालं. जन्मभर दुखणं मनात ठेवायची सवय. ते आता भिंतीवर टांगल्यासारखं झालं होतं, येईल जाईल त्यानं वाचावं.

वातींवर तर नौशीननं गदाच आणली. "दिवसातून पंधरा मिनिटं. बास."

"अगं, पंधरा मिनिटांत शंभर होतात. त्रिपुरीला दोन महिने उरलेत. माझ्या अजून निम्म्यासुद्धा नाहीत."

"काकू, माझ्या नानीला रोज्यात गोळ्या घ्यायला लावताना मी जेवढी भांडले, त्याच्या निम्मीच तुमच्याशी भांडतेय. हे बघा, मूठ आवळा." तिनं मूठ मोजायचं यंत्र हातात दिलं. "अठरा किलो. बायकांची तुमच्या वयाला बावीस-तेवीस तरी पाहिजे. ही जर बाराच्या खाली गेली तर मी पुण्याला सर्जनकडे पाठवणार. मग खिडकी हत्यारानं मोठी करायची. चालेल?"

चालणार नव्हतं. आणि संकल्प मोडणंही चालणार नव्हतं.

याच सुमारास एक नवल घडायला लागलं. हेमांगीताई वळायच्या शंभर वाती, पण डब्यात जुड्या चढायच्या चार-चार, पाच-पाच. आधी वाटलं, आपलीच मोजदाद चुकतेय. मग त्यांनी एका संध्याकाळी जुड्या मोजून, डबा लावून, नेमाप्रमाणे घाटावर दर्शनाला जाऊन आल्यावर पुन्हा मोजल्या. चार जास्त! त्यांच्या अंगावर काटा आला. देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली, डोळे पुसले, आणि शेजारच्या निकमवहिनींना तेवढं हळूच सांगितलं, "देवी स्वतः वळतेय हो." निकमवहिनींनी दुसऱ्या दिवशी डब्याला हळदकुंकू वाहिलं. सर पेपरात तोंड खुपसून बसले होते. एवढ्यातेवढ्यावर भाषण देणारे सर त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत.

पण देवी वळते म्हणून आपण हात बांधून बसावं, हे काही हेमांगीताईंना पटेना. उलट लाज वाटली. देवी कष्ट करते आणि आपण पंधरा मिनिटांत उठतो! मग त्यांना मोह झाला. सरांची मान हल्ली धरत होती. "वाचनालयात पेपर फार वाचतो ना," ते म्हणायचे. निवृत्तीनंतर दुपारी साडेबारा ते साडेचार ते वाचनालयाच्या टेबलाशी बसत, फुकट सेवा. एक दिवस हेमांगीताईंनी स्वतःच्या मानेवरची पट्टी सोडवली, सरांच्या मानेवर चिकटवली आणि वरून औषधाच्या लेपाची मोठी पट्टी थापली.

"कसलं औषध हे?"

"कळ ओढून घेतं. संध्याकाळी काढते मी."

सर खूश होऊन वाचनालयात गेले. हेमांगीताईंनी पाट मांडला, राखेची वाटी घेतली. दिवा हिरवागार. नाशिकहून फोन नाही. एक ते चार, तीन तास! हात जळत होता, बोटं बधिर होत होती, पण सांगणारं कोणी नव्हतं. रोज संध्याकाळी पट्टी पुन्हा स्वतःच्या मानेवर. तीन आठवडे हे चाललं. रात्री हात उशाशी घेऊन झोपताना त्या देवाला म्हणायच्या, खोटं बोलत नाहीये रे मी, नुसतं सांगत नाहीये.

तिसऱ्या मंगळवारी नौशीननं मूठ मोजली आणि यंत्राकडे बघून परत मोजली. "साडेबारा."

हेमांगीताईंनी हात पदराखाली घेतला.

"हे कसं होतंय तेच कळेना मला. नोंद म्हणते, दुपारभर नस एकदम मोकळी. आणि हात म्हणतो, नस चाललीय." तिनं पडदा आपल्याकडे वळवला. "अशी नस मोकळी आणि हात गेलेला, म्हणजे भलतंच काहीतरी असतं. मला तुम्हाला पुण्याला पाठवावं लागेल काकू. पण थांबा, ही दुपारची नोंद उघडून बघते. कुठला स्नायू कधी हुकूम घेतो, तेही नसेवरून कळतं." ती वाचत गेली आणि तिच्या भुवया वर चढत गेल्या. "काकू, दुपारी एक ते चार काय करता?"

"पडते जरा."

"पडता? पट्टी म्हणते, मान पंचेचाळीस अंश खाली घालून बसता आणि तळव्यावर तळवा घासता. मिनिटाला दोन-तीन वेळा. याला पडणं म्हणत नाहीत. याला वाती वळणं म्हणतात."

वाती तर हेमांगीताई खरंच वळत होत्या. पण पट्टी होती वाचनालयात, ह्यांच्या मानेवर! मग तिला इथल्या वाती दिसल्या कशा? देवापासून काही लपत नाही असं आई सांगायची. तो बघतो, हे खरंच होतं म्हणायचं. पण तो नौशीनच्या यंत्रात येऊन सांगेल, असं आईला तरी कुठे ठाऊक होतं?

"आणि दुसरं," नौशीन म्हणाली, "तुम्ही डावखुऱ्या कधीपासून झालात?"

"काय?"

"उजवा तळवा खाली नुसता पसरलेला. वळतोय तो डावा. रोज. शिवाय अडीचला मान छातीवर टेकवून वीस मिनिटं झकास घोरता."

मग हेमांगीताईंनी पदर तोंडाला लावला. पोंक्ष्यांच्या घराण्यात डावखुरा एकच. अडीचला छातीवर मान टाकून घोरणाराही एकच.

"नौशीन," त्या म्हणाल्या, "ती माझी मान नाही गं."

सगळं ऐकून नौशीन आधी लालबुंद झाली. "म्हणजे मी तुमची मान कापायला पाठवणार होते, ती सरांच्या नसेवर विसंबून! काकू, हा काय पोरखेळ आहे?" हेमांगीताईंनी कान पकडले. एकसष्ट वर्षांची बाई कान धरून बसलेली बघून नौशीनचा राग टिकेना. तिला हसू फुटलं आणि ती हसता हसता म्हणाली, "सर? सर वाती वळतात?"

हेमांगीताई तिथून तडक वाचनालयात गेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर मोठा पेपर उभा धरल्यासारखा पुस्तकांना टेकवलेला. मागे सर. मांडीवर कापूस, शेजारी शाईच्या जुन्या दौतीत राख, कपाळावर राखेचं एक बोट चुकून उमटलेलं.

"देवी," हेमांगीताई म्हणाल्या.

सर दचकून उठले. कापूस खाली सांडला. "अगं, मी... ते असं झालं..."

"कधीपासून?"

"तो दिवा लाल झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." ते खाली बसले. "दिसलं गं मला. चाळीस वर्षं शेजारी होतं, ते त्या दिवशी दिसलं. तू वाती सोडणार नाहीस, हे ठाऊक होतं. म्हटलं, तू घाटावर गेलीस की डब्यात भर टाकावी, म्हणजे तू कमी वळशील. तर तू म्हणालीस, देवी वळते! वहिनींनी हळदकुंकू वाहिलं! मग मी काय सांगू? देवीचं नाव खराब करू?"

हेमांगीताईंना हसायला आलं आणि त्याच क्षणी रडायलाही आलं. "अहो, एकच काम होतं माझं. एकटीच्या हातचं. एकच. तेही तुम्ही अर्धं खाल्लंत."

सर सांडलेला कापूस गोळा करू लागले. मग हळूच म्हणाले, "वेगळ्या काढता येतील. माझ्या उलट्या वळतात. पीळ बघितलास की कळेल. अकरा हजार चारशे आहेत."

खरंच, पीळ उलटा होता. घरी येऊन हेमांगीताईंनी एकेक जुडी सोडून पाहिली आणि दोन ढीग केले. एक मोठा, एक लहान. मोठ्या ढिगाकडे बघून त्यांना सगळं कळून चुकलं. नौशीननं त्याच दुपारी सांगितलं होतं, नीट बसून, थांबून थांबून, फार तर पाचशे रोज. म्हणजे त्रिपुरीपर्यंत एकटीच्या हातानं लाख होणं नाही. हात घालवून केल्या तर होतील. पण मग पुढच्या वर्षी दिवा लावायला तरी हात कुठून आणायचा? आणि लहान ढीग उचलून मोठ्यात टाकायला मन घेत नव्हतं. रात्रभर दोन्ही ढीग तसेच देव्हाऱ्यापुढे राहिले.

सकाळी पूजेला बसल्या. कलशावर हात ठेवला आणि एकदम थांबल्या. त्यांना आपली वास्तुशांत आठवली. सत्यनारायण आठवले, लेकीच्या लग्नातलं कन्यादान आठवलं. प्रत्येक वेळी यजमान म्हणून पाटावर सर. कंटाळलेले, घड्याळाकडे बघणारे. आणि गुरुजी म्हणायचे, "वहिनी, हाताला हात लावा." पळीनं पाणी सोडायचे सर, आणि त्यांच्या हाताला नुसतं बोट लावलं की पुण्य दोघांचं. तयारी रात्रभर कुणी केली, नैवेद्य कुणी केला, हे गुरुजींनी विचारलं नव्हतं. आणि सरांनी कधी म्हटलं नव्हतं, की माझं कर्म तू अर्धं खाल्लंस.

"अहो," त्यांनी हाक मारली, "आंघोळ झालीय ना? इकडे या."

"कशाला?" सर बिचकत आले.

"बसा पाटावर. मी संकल्प सोडतेय, नव्यानं. माझ्या हाताला हात लावा."

सर बसले. उजवा हात पुढे केला, मग मागे घेतला. "डावा चालत नाही ना देवाला?"

"डावाच हवा. वाती त्यानंच वळल्यात."

सरांनी त्यांच्या कोपराला डाव्या हाताची बोटं लावली. हेमांगीताईंनी तिथी घेतली, वार घेतला, कृष्णातीरी म्हटलं, आणि 'स्वहस्ते' म्हणायच्या जागी शांतपणे म्हणाल्या, "आम्हां दोघांच्या हातांनी." पळीतलं पाणी ताम्हनात सोडलं. मग उठून दोन्ही ढीग परातीत ओतले आणि हातानं कालवून टाकले, भेळ कालवावी तसे.

त्यानंतरचा महिना घरात नुसती धमाल होती. नौशीननं मोजमाप घेऊन सुताराकडून उंच चौरंग करवून घेतला. वात डोळ्यांसमोर, हनुवटी आत, कोपरांना उशी. वीस मिनिटं वळायचं आणि मग उठून हात पसरून, तळवा मागे वळवून, मान हळूच दुसऱ्या बाजूला न्यायची. म्हणजे नस खिडकीतून दोऱ्यासारखी पुढेमागे सरकते आणि सुटी होते. हे करताना खांदा वर चढू नये म्हणून तो कुणीतरी दाबून धरायचा. ते काम सरांचं. आता त्यांच्याही मानेवर पट्टी होती. "नस अजून दबली नाही सर, पण पेपरामागे आणखी महिनाभर बसला असता, तर दोघांना एकाच रिक्षातून यावं लागलं असतं," नौशीन म्हणाली होती. घरात दोन दिवे झाले. नाशिकहून फोन यायचा, "आई, मान. बाबा, तुम्हीपण. आणि बाबा, घोरू नका." निकमवहिनींनी डब्यासमोर हात जोडत विचारलं, "काय हो, अजून वळते का देवी?"

"वळते की," हेमांगीताई म्हणाल्या. "पण अडीचला घोरते."

मूठ पंधरावर आली, मग अठरावर. दिवाळीत हेमांगीताईंनी स्वतः चकल्यांचा सोऱ्या दाबला आणि त्या दिवशी मूठ भरली एकोणीस किलो. वाती पुऱ्या झाल्या त्रिपुरीच्या तीन दिवस आधी. शेवटची वात कुणी वळायची यावर वाद झाला. शेवटी एका कापसाच्या पुंजक्याला हेमांगीताईंनी उजवा तळवा लावला आणि सरांनी डावा. वात काही धड झाली नाही. तीही घातली डब्यात.

त्रिपुरीला घाट दिव्यांनी फुलला होता. पितळी परातीत तुपानं निथळणारा वातींचा डोंगर. नौशीन आईला घेऊन आली होती, मैथिली नाशिकहून. पूजा सांगायला आलेले भटजी सरांचेच जुने विद्यार्थी. सरांना सोवळ्यात बघून ते दोनदा चष्मा पुसून घेते झाले.

"सर, तुम्ही! या, बसा यजमानांच्या पाटावर."

"पाट तिचा आहे रे," सर म्हणाले आणि डावीकडे सरकून बसले. "मी नुसता हाताला हात लावायला आलोय."

भटजी घुटमळले. पोथीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हेमांगीताईंकडे पाहिलं. हेमांगीताई मान ताठ ठेवून, हनुवटी आत घेऊन, प्रसन्न बसल्या होत्या.

"लावा मग," भटजी हसले. "घट्ट लावा, सर."

हेमांगीताईंनी पेटता काकडा उचलला आणि दोघांनी मिळून परातीला लावला.